संघ बदलला की तुमचा फोन

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार मानायला कुणी तोंड उघडलं की तुम्ही विषय बर्फावरच्या हॉकीवर नेता, हे आता आपल्या अख्ख्या गोतावळ्याला पाठ झालंय. मागच्या दिवाळीला फोनवर मी "काका, १९९१ साली तुम्ही..." इथवर जेमतेम पोचले होते, तर तुम्ही म्हणालात, "ते राहू दे गं. क्लाडनोचं काय झालं परवा?" (क्लाडनो म्हणजे तुमच्या लाडक्या यारोमीर यागरचा चेक संघ.) म्हणून या वेळी हॉकीपासून मीच सुरू करते. पळवाट बंद. शिवाय पत्र उघडं लिहितेय, म्हणजे चारचौघांत वाचलं जाईल आणि तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराच्या देवळात, खालच्या जेवणघरात मी दहीभाताचं ताट घेऊन उभी होते. अमेरिकेत, पिट्सबर्गला येऊन नऊ दिवस झाले होते. जानेवारी महिना. "आई गं, पाय गेले" असं पुटपुटले, तर मागून आवाज आला, "कुठल्या गं तुम्ही?" मी म्हटलं, सांगली. तुम्ही आधी माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि मग पायांकडे. "सांगलीचे कॅनव्हासचे बूट घालून आलीस होय इथे?" त्या संध्याकाळी मुलीचे जुने लोकरी बूट तुम्ही मला दिलेत. दोन मोजे घालून ते बरोबर बसायचे.

आणि त्याच संध्याकाळी कॅरमही निघाला. तुमच्याकडे फ्रिजवर रेडिओ असायचा, त्यावर माईक लँगचं हॉकीचं समालोचन चालू होतं आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. तुम्ही बोर्डावर बोरिक पावडर टाकलीत, स्ट्रायकर मध्ये ठेवलात आणि म्हणालात, "हा पक. काळा, जाड, रबराचा. सामन्याआधी गोठवून ठेवतात, म्हणजे उसळत नाही." पाच पांढऱ्या सोंगट्या इकडे, पाच काळ्या तिकडे, दोन्ही टोकांना गोलकीपर म्हणून काकूंच्या डब्यातल्या दोन सुपाऱ्या. पाऊण-एक मिनिट जीव खाऊन पळायचं की बाकावर, दुसरी फळी बर्फावर. ऑफसाइडचा नियम मला त्या दिवशी कळला नाही. खरं सांगायचं तर पुढची दोन वर्षं कळला नाही, मी नुसती मान हलवत होते.

वर्तमानपत्रात आडनाव वाचलं तेव्हा मी "जागर" म्हणाले होते. काकू हसल्या, "देवीचा का गं?" यागर, यारोमीर यागर. अठरा वर्षांचा, क्लाडनो नावाच्या कोळसा-पोलादाच्या गावचा, मानेवर रुळणारे केस. १९९० साली पिट्सबर्गच्या पेंग्विन्स संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला पाचव्या क्रमांकावर निवडलं. त्याच्या आधीच्या बहुतेक तरुण चेकोस्लोव्हाक खेळाडूंना अमेरिकेत खेळायचं तर देशातून पळून यावं लागायचं. हा राजरोस आला, कारण काही महिन्यांपूर्वीच तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळली होती. पाठीवर ६८ हा आकडा, कारण १९६८ साली सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि त्याचे आजोबाही त्याच साली गेले. ज्यांची जमीन गेली, ज्यांना तुरुंगात टाकलं, ते आजोबा. रेडिओवर एवढं कुणी सांगत नव्हतं. हे तुम्ही सांगितलंत, पोळीला तूप लावता लावता.

पण माझ्या मनात रुतली ती दुसरीच गोष्ट. मुलाला इंग्रजी येत नव्हतं. घरची आठवण येऊन तो कोमेजत चालला होता. मग क्लबने काय केलं? १३ डिसेंबर १९९० ला कॅल्गरीहून यिर्झी हर्दिना नावाचा बत्तीस वर्षांचा चेक खेळाडू आणला. तो खेळायचा चांगलाच, ऑलिंपिक खेळलेला, कॅल्गरीकडून स्टॅनली चषक, म्हणजे तिथल्या लीगचं विजेतेपद, जिंकलेला. तरी त्याला आणण्यामागे या पोराशी त्याच्या भाषेत बोलणारं कुणीतरी असावं हाही हिशोब होता. कोट्यवधी डॉलरच्या धंद्यात कुणाला तरी हे सुचलं याचं मला अजून नवल वाटतं. पोराने त्या पहिल्या हंगामात २७ गोल केले. पाठीच्या दुखण्यातून संघाचा हुकमी खेळाडू मारिओ लेम्यू जानेवारीत परतला, आणि मे महिन्यात पेंग्विन्सनी पहिल्यांदा स्टॅनली चषक जिंकला.

हर्दिनाची गोष्ट सांगून झाल्यावर तुम्ही काही बोलला नाहीत. काकूंनी मात्र विचारलं, "शनिवारी येशील ना?" मी पुढे अडीच वर्षं शनिवारी येत राहिले.

आता २६ मे १९९२. अंतिम फेरीचा पहिला सामना, शिकागो ४, आपण १. तुम्ही "संपलं" म्हणालात आणि उठलात. मग ४-३ झालं. मग यागरने पक घेतला आणि शिकागोचे एकामागून एक बचावपटू असे चुकवत गेला जणू ते कुणाची तरी वाट बघत उभे होते. ४-४. शेवटची तेरा सेकंद उरली असताना लेम्यूने पाचवा मारला. काका, गेली तीसेक वर्षं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता की यागरचा तो गोल "मी या डोळ्यांनी पाहिलाय". तुम्ही त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी घासत होतात. मी किंचाळले तेव्हा साबणाच्या हातांनी धावत आलात आणि जे पाहिलंत ते री-प्ले होतं.

बरं, आता पैशांचं. त्याच उन्हाळ्यात विद्यापीठातल्या विभागाने माझी असिस्टंटशिप काढून घेतली. पुढच्या सत्राची फी भरायला आठ दिवस होते. मी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं, काकूंनी चेहऱ्यावरून ओळखलं. तुम्ही चेक लिहिलात, पाकिटात घातलात आणि पाकीट पेंग्विन्सच्या वेळापत्रकात गुंडाळून माझ्या पिशवीत सरकवलंत. कागद नाही, व्याज नाही. नोकरी लागल्यावर मी परत पाठवलेला चेक तुम्ही वटवलाच नाहीत. तिसऱ्यांदा पाठवला तेव्हा कुठे वटवलात, तोही काकूंनी रागावल्यावर.

मी न्यू जर्सीला गेले आणि आपल्या फोनांचा तो विचित्र शिरस्ता सुरू झाला. यागरने संघ बदलला की तुमचा फोन. आधी काही वर्षं तो हललाच नाही. सर्वाधिक गुणांचा मान त्याने पाचदा मिळवला, त्यातला चारदा ओळीने, आणि नागानोला १९९८ साली ऑलिंपिक सुवर्णही. मग २००१ च्या जुलैत पैशाच्या ओढगस्तीतल्या पेंग्विन्सनी त्याला वॉशिंग्टनला धाडलं आणि तिथून चक्र सुरू झालं. २००४ ला न्यूयॉर्क रेंजर्स. ("आता तुझ्या अंगणात आलाय, जाऊन ये.") गेले. दुसऱ्याच हंगामात त्याने ५४ गोल आणि १२३ गुण केले, रेंजर्सचे विक्रम. हॉकीत गोल करणाऱ्यालाही एक गुण आणि त्याला पास देणाऱ्यालाही एक गुण, हे गणित मला आवडतं.

२००८ च्या जुलैत तो सायबेरियात ओम्स्कला गेला. तुमचा फोन आला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा आला, तेव्हा संघ बदललेला नव्हता. एकोणीस वर्षांचा अलेक्सेई चेरेपानोव सामना चालू असताना बाकावर कोसळून गेला होता. यागर त्याच्या शेजारी होता. तुम्ही एवढंच सांगितलंत आणि थांबलात. माझी नोकरी दोन आठवड्यांपूर्वी गेली होती, मी कुणालाच बोलले नव्हते. तुम्ही विचारलंत, "घरी कोण आहे तुझ्याजवळ?" दुसऱ्या दिवशी काकू बसमध्ये बसून आल्या. चकल्यांचा डबा घेऊन.

त्यानंतरचे फोन गमतीचे. २०११ ला तो अमेरिकेत परतला तो थेट फिलाडेल्फियाच्या, म्हणजे आपल्या हाडवैऱ्यांच्या संघात, आणि तुम्ही आठ दिवस माझ्याशीसुद्धा नीट बोलला नाहीत. मग डॅलस, बॉस्टन, न्यू जर्सी, फ्लोरिडा, कॅल्गरी. एकट्या एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या लीगमध्ये, नऊ संघ. कॅल्गरीत तर काही उत्साही मंडळी यागरच्या केसांचे टोप आणि प्रत्येकजण त्याच्या वेगळ्या संघाची जर्सी असं सोंग करून सामन्यांना हिंडायची. फ्लोरिडात चव्वेचाळिसाव्या वर्षी संघात सर्वाधिक ६६ गुण त्याचे होते. रात्री-अपरात्री सराव करायची त्याची सवय वाचून काकू म्हणाल्या, "बघ, जागरच निघाला की नाही!" १७३३ सामने, ७६६ गोल, १९२१ गुण. गुणांत पुढे फक्त वेन ग्रेट्झकी. आणि हे सगळं करून तो गेला कुठे, तर क्लाडनोला, स्वतःच्याच मालकीच्या क्लबकडून खेळायला. पन्नाशी उलटली तरी.

१८ फेब्रुवारी २०२४ ला पिट्सबर्गमध्ये ६८ क्रमांक कायमचा निवृत्त करून छताला टांगला, तेव्हा मी तिथे होते. तुम्ही ॲरिझोनात मुलीकडे, प्रवास झेपणार नव्हता. तो संघ सोडून गेल्यावर इतकी वर्षं त्याला हुर्यो करणारं तेच शहर उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी मुद्दाम गाडी पेन हिल्सवरून नेली. देवळाच्या जेवणघरात एक मुलगा मोबाइलवर आईला व्हिडिओ कॉलवर दहीभात दाखवत होता, मराठीत. मी "कुठला रे?" विचारलं. लातूर. बूट चांगले होते त्याचे, मी पाहिलं.

त्या वर्षी क्लबने यागरच्या मान हलणाऱ्या बाहुल्या वाटायच्या ठरवल्या होत्या आणि अख्खी खेपच कॅलिफोर्नियात चोरीला गेली, हे आपण फोनवर तासभर चघळलं होतं. नंतर सापडल्या. त्यातली एक मी मैत्रिणीकडून मिळवलीय. पार्सल सोमवारी टाकलंय. फ्रिजवर ठेवा, रेडिओ असायचा तिथे. आणि पाहुण्यांना तो गोल सांगाल तेव्हा भांड्यांचंही सांगा, काकू घरातच असतात.

तुमची,
सांगलीचे बूट