माझ्या आवाजाच्या मॅडमना, सगळ्यांदेखत थँक यू

मॅडम, तुमचं नाव लिहीत नाहीये, माझ्यामुळे उद्या तुमच्या क्लिनिकबाहेर कोणी माइक घेऊन उभं राहायला नको.

मी ट्रान्स बाई, जन्मले तेव्हा मुलगा म्हणून नोंद झालेली. पत्र उघड लिहितेय कारण माझं बाकीचंही सगळं उघड्यावरच झालं. हॉर्मोन्स सुरू केल्यावर काही महिन्यांत त्वचा मऊ पडायला लागते, चेहरा हळूहळू बदलतो, दोन-तीन वर्षं हे चालूच असतं, आणि बऱ्याच जणी तो काळ जमेल तसा आडोशाला काढतात, मी मात्र रोज लाइट लावून स्क्रीनवर. लोक जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी-शेजारी लावून मार्क द्यायचे. चांगलं बोलणारेसुद्धा "अगदी बाईच दिसते हो" म्हणायचे, त्यावर काय म्हणायचं असतं मला अजून कळलेलं नाही.

दिसण्याचं निभावलं, मेकअपवाले होते. पण इस्ट्रोजेनने, म्हणजे त्याच बायकी हॉर्मोनने, आवाज बारीक होत नाही हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं! वयात येताना स्वरतंतू एकदा लांब-जाड झाले की झाले, मग गोळ्या घ्या नाहीतर पॅच लावा. आणि माझं तर पोटच बोलण्यावर.

पहिल्यांदा आले तेव्हा म्हटलं, मला बाईचा आवाज काढून द्या. तुम्ही म्हणालात, "कुठल्या बाईचा ते सांगा आधी." मग नीट समजावलंत, की पुरुषांचा आवाज साधारण १०० ते १३० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) आसपास, बायकांचा १८० ते २२० च्या, मधल्या पट्ट्यात दोघांचीही सरमिसळ, आणि नुसती पट्टी चढवली तर कार्टूनसारखं ऐकू येतं, खरं काम आवाज छातीत न घुमवता पुढे तोंडात आणण्याचं. मग स्ट्रॉमधून हूं हूं करणं, जीभ जरा पुढे ठेवणं, तोंड मिटून गुणगुणणं. काय हास्यास्पद दिसत असेन मी. पण बघायला फक्त तुम्ही होतात, आणि मला नेमकी तीच गोष्ट कुठे मिळत नव्हती, चारचौघांनी न बघता वाईट बोलायची मुभा.

कामावर सगळ्यांना घाई, म्हणून मी स्वरतंतूंच्या ऑपरेशनचंही विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. त्याने पट्टी चढते, घुमणं बदलत नाही, नंतर काही दिवस पूर्ण मौन, आणि सराव काही सुटत नाही, एवढं सांगून निर्णय माझ्यावर सोडलात.

शरीराबद्दल मला कोण काय विचारत नव्हतं? १९५२ मध्ये क्रिस्टीन जोर्गेन्सन या अमेरिकन ट्रान्स बाईचे डेन्मार्कमध्ये लिंगबदलाचे उपचार चालू असतानाच न्यूयॉर्कच्या पेपरने तिला पहिल्या पानावर छापलं, २०१४ मध्ये लॅव्हर्न कॉक्स ही अमेरिकन ट्रान्स अभिनेत्री टीव्हीवर गेली तर तिथेही गाडी लिंगबदलाच्या ऑपरेशनवर आलीच, आणि तिने तिथल्या तिथे सांगितलं की हेच विचारत बसलात तर आमच्यावर होणारे हल्ले, आमचं जगणं याबद्दल बोलणं होतच नाही. तेव्हा मला विचारणाऱ्यांनी नवीन काही केलं नाही. तुम्ही मात्र माझ्या शरीराबद्दल एकच प्रश्न विचारायचात, घसा दुखतोय का, दुखत असेल तर आज थांबू.

आणि ती हसण्याची क्लिप. सराव कितीही करा, शिंक, खोकला आणि हसू आपल्याला विचारून येत नाहीत, तसं लाइव्हमध्ये पाहुणे काहीतरी बोलले आणि मी पूर्वीसारखी खदखदून हसले. रात्रीपर्यंत ते सगळीकडे, खाली काय काय लिहिलेलं ते इथे नको. तुम्ही ते पाहिलंय हे मला नंतर कळलं, कारण पुढच्या सेशनला तुम्ही त्याचा विषयही काढला नाहीत, एवढंच म्हणालात की आज हसण्याचा सराव घेता येईल, पण हसू बदलायचंय का ते तुम्ही ठरवा.

नाही बदललं. आई म्हणते ते आजोबांवर गेलंय, राहू दे.

फोनवर अजून कधीकधी "सर" म्हणतात, सकाळी उठल्या-उठल्या तर हमखास, पण आता मी फोन तर उचलते. बरं, पुढच्या महिन्यात सलग दोन तासांचा लाइव्ह शो सुरू होतोय, एवढं बोलून आवाज बसू नये म्हणून काय करायचं ते विचारायचंय. गुरुवारी संध्याकाळची वेळ मिळेल का?