संजीवन सभेची गर्दी मोजून काय कळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात शहरातल्या संजीवन सभेची, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा विश्वास पुन्हा जागा करण्यासाठी भरणाऱ्या सभेची, बातमी वाचली. मैदान भरले, खुर्च्या कमी पडल्या, म्हणजे मोठे आध्यात्मिक संजीवन झाले, असा तिचा सूर होता. लगेच एका वाचकाचे पत्र आले की असल्या सभा म्हणजे धर्मांतराचे मेळावे. मी पिढीजात मेथॉडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथातला), दर रविवारी मराठी उपासनेला बसणारा. मला दोघांचेही पटले नाही.

संजीवन मुळात घरच्यांसाठी असते. ज्यांची नावे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रजिस्टरात आहेत, जे नाताळला नवे कपडे घालून पुढच्या बाकावर बसतात, पण ज्यांचा विश्वास थंड पडला आहे, त्यांच्यासाठी. बायबलमधल्या स्तोत्र 85 मध्ये ‘आम्हाला पुन्हा जिवंत कर’ अशी विनवणी आहे आणि ती करणारे देवाचेच लोक आहेत. त्याच स्तोत्रात पुढे न्याय आणि शांती एकमेकींना भेटतात. आमचे वक्ते तिथवर क्वचितच पोचतात.

मराठी ख्रिस्ती माणसाला संजीवन म्हटले की पुणे जिल्ह्यातले केडगाव आठवते. ब्रिटनमधल्या वेल्स आणि ईशान्य भारतातल्या खासी टेकड्यांतल्या अशाच जागृतीनंतर 1905 च्या जूनमध्ये तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडू लागल्या, आपापले अपराध उघड कबूल करू लागल्या. आज व्यासपीठावरून ते रडणे तेवढे सांगितले जाते. पण ते घडले कुठे? दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींच्या वसतीत. तिथे प्रार्थनेइतकेच शिक्षण, शेती आणि विणकाम नेमाने चालत होते. रडून झाल्यावर त्या मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत गेल्या, आणि रमाबाई 1922 साली मरेपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराला जुंपून राहिल्या.

माझे किराणा दुकान आहे. मागे एकदा अशाच सभेनंतरच्या सोमवारी एक गृहस्थ आले आणि जुनी उधारी किती म्हणून विचारू लागले. त्यांच्या नावावर मी कधीच काट मारली होती. त्यांनी वही काढायला लावली, काट मारलेले आकडे स्वतः बेरजेला घेतले, थोडे रोख दिले आणि बाकीचा हप्ता बांधून घेतला. ‘जक्कयाने चौपट दिले, मी निदान मुद्दल देतो,’ म्हणाले. (जक्कय म्हणजे बायबलमधला पश्चात्ताप झालेला जकातदार.) पुढे सगळे फेडलेही. त्या सभेला गर्दी बेताचीच होती.

आता आमचे घरचे बघा. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम 1820 साली सुरू झाले, पुढे ते मेथॉडिस्टांकडे आले. एवढ्या जुन्या वारशात इमारती आल्या, जमिनी आल्या आणि त्यांच्यामागून भांडणेही. मंडळीच्या कमिटीवर कोण, सकाळची सोयीची वेळ मराठी उपासनेला की कन्नड उपासनेला, यावरून एकाच प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीला) बसणारी माणसे दारात एकमेकांना चुकवतात. सीमाभागात भाषेचा प्रश्न खरा आहे, मीही मराठीसाठी भांडणाराच. पण कन्नड बोलणाऱ्या भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरायचा आणि सभेत हात वर करून ‘हालेलूया’ म्हणायचे, हे कसे जमते? गाण्यांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असे आमोस संदेष्ट्याने अशाच लोकांना बजावले होते.

साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या बंद करायला लावणाऱ्या वक्त्यांविषयी तर न बोललेले बरे. तो विश्वास नव्हे, जिवाशी खेळ आहे.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या संजीवन सभेची बातमी आपल्या बातमीदाराने तीन महिन्यांनी द्यावी. मंडळीतला कोर्टातला एखादा दावा मागे घेतला गेला का आणि मराठी-कन्नड उपासना निदान नाताळला तरी एकत्र झाली का, एवढे पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) विचारून छापावे.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव