अणूचा लेख वाचला, पण मोस्ले कुठे गेला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत अणूवर पानभर लेख आला होता, घरी सगळ्यांनी वाचला, पुतणी आठवीला आहे तिने तर कापून वहीत चिकटवला. मी सराफ बाजारात बसतो, शिक्षण बारावी सायन्स, फिजिक्सला काठावर पास, त्यामुळे तज्ज्ञ वगैरे म्हणून लिहीत नाहीये. पण सोन्याचं नाव निघालं की आमचे कान टवकारतातच, आणि नेमकं सोन्यापाशीच लेख अर्धवट सुटलाय आणि मोस्ले हा शास्त्रज्ञ तर राहूनच गेलाय, असं वाटलं.

थॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला आणि मग अणू म्हणजे शिऱ्यात बेदाणे अशी कल्पना होती, इथपर्यंत ठीक. पुढे 'रुदरफोर्डने सोन्याच्या पत्र्यावर प्रयोग केला' एवढं एकच वाक्य. पत्रा कसला हो! पत्रा म्हटलं की आमच्याकडे वेगळंच डोळ्यासमोर येतं. तो वर्ख होता, साधारण ०.००००४ सेंटीमीटर जाडीचा, म्हणजे तरीही हजाराच्या वर अणूंची चळत. एवढं पातळ ठोकलं तरी न फाटणारं सोनंच, म्हणून सोनं. आणि प्रयोगाला प्रत्यक्ष बसले गायगर आणि मार्सडेन, त्यातला मार्सडेन तेव्हा जेमतेम २० वर्षांचा कॉलेजचा पोरगा. मँचेस्टरला अंधाऱ्या खोलीत आधी डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसतं बसायचं आणि मग मायक्रोस्कोपमधून पडद्यावरच्या बारीक ठिणग्या मोजायच्या, एक एक करून. वर्खावर अल्फा कण, म्हणजे धन विद्युत भाराचे बारीक कण, सोडायचे आणि ते पडद्यावर आदळले की ठिणगी. बहुतेक कण सरळ आरपार जायचे, पण २० हजारांत एखादा काटकोनात वळायचा. हे कळलं १९०९ ला, आणि अणूच्या मधे इवलंसं जड केंद्रक आहे असा त्याचा अर्थ लावून रुदरफोर्डने छापलं १९११ ला. मधली दोन वर्षं तुमच्या लेखात नाहीतच, जणू त्याला रात्री स्वप्न पडलं आणि सकाळी केंद्रक सापडलं.

चित्राबद्दल पण बोलायचंय. मधे लिंबाएवढं केंद्रक आणि भोवती वर्तुळात इलेक्ट्रॉन, ग्रहांसारखे. जागा कमी असते मान्य, पण खाली एक ओळ टाकायची ना! आपलं अनंत कान्हेरे मैदान दीडशे मीटरचं धरा आणि सोन्याचा अणू तेवढा मोठा केला असं समजा, तर केंद्रक होईल वाटाण्याएवढं, हायड्रोजनचं तर मोहरीएवढं. बाकी मैदानात ते हलके इलेक्ट्रॉन, आणि तेही ग्रहांसारखे फिरत नाहीत, तसे फिरले असते तर ऊर्जा घालवत घालवत क्षणात केंद्रकात पडले असते. नील्स बोर ह्या शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये इलेक्ट्रॉन ठराविक वर्तुळांतच राहतात अशी त्यावर तोड काढली, पुढे १९२६ च्या आसपास ती वर्तुळंही गेली, पण चित्रातून जायला तयार नाहीत.

आता मूळ तक्रार. लेखात हेन्री मोस्लेचं नावच नाही! रुदरफोर्डच्याच लॅबमधला हा माणूस, १९१३-१४ मध्ये त्याने एकेका मूलद्रव्यातून निघणारे एक्स-रे मोजले, अ‍ॅल्युमिनियमपासून पार सोन्यापर्यंत, आणि पायऱ्या चढाव्यात तशी एकेकाने वाढणारी रांग लागली. त्यातून कळलं की अणूची ओळख त्याच्या वजनावरून नाही, केंद्रकावरच्या विद्युत भारावरून, म्हणजे आजच्या भाषेत प्रोटॉनच्या संख्येवरून. कोबाल्ट निकेलपेक्षा थोडा जड आहे, तरी मूलद्रव्यांच्या तक्त्यात आधी का, हे कोडं तिथे सुटलं, कारण भाराचा नंबर कोबाल्टचा २७ आणि निकेलचा २८. सोन्याचा ७९, पाऱ्याचा ८०, शेजारी शेजारी. (पाऱ्याचं सोनं करून देतो म्हणणारे महाभाग आमच्याकडे अजून येतात, त्यांना म्हणावं केंद्रकातला एक प्रोटॉन काढून दाखव, चहा माझ्याकडून.)

आणि हे सगळं कुठे विलायतेत राहिलेलं नाही. आमच्या बाजारातलं टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायचं मशीन ह्याच तत्त्वावर चालतं. दागिना ठेवला की मशीन त्यावर एक्स-रे टाकतं, आतल्या घरातला इलेक्ट्रॉन उडतो, वरच्या घरातला खाली येऊन ती जागा भरतो आणि उरलेली ऊर्जा एक्स-रे म्हणून बाहेर पडते, सोन्याची वेगळी, तांब्याची वेगळी, चांदीची वेगळी. त्यावरून स्क्रीनवर ९१.६ (टक्के सोनं, म्हणजे बावीस कॅरेट) उमटतं. गिऱ्हाईक तो आकडा बघून मान डोलावतं, मोस्ले कुणाला माहीत नसतो. तो १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून गेला, वय फक्त २७. ह्यानंतर कधी लेख आला तर त्याचा एक छोटा फोटो तरी छापा.

पुतणीला मशीन दाखवायला नेलं तर तिने विचारलं, काका हे आतपर्यंत बघतं का? नाही बघत. ते वरचा पातळ थरच वाचतं, त्यामुळे जाड मुलामा असेल तर आकडा खोटा येऊ शकतो, म्हणून संशय आला की आम्ही आजही आधी कानस मारतो आणि मगच मशीनवर ठेवतो.

आपला,
एक वाचक, सराफ बाजार, नाशिक