सेल्फ मारायची घाई नको

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

"आई, आजोबांच्या गाडीत नवी बॅटरी टाक, सेल्फ मार आणि व्हिडिओ पाठव," असं सांगून तू मोकळा झालास. व्हिडिओ पाठवलेला नाही, कारण सेल्फ मारलेलाच नाही. फोनवर कारण सांगायला घेतलं की तुझी पुढची मीटिंग सुरू होते, म्हणून पत्र. बाबांना सुरुवात वाचून दाखवली तर म्हणाले, "हे वर्कशॉपचं लेक्चर आहे." असू दे. जन्मभर तंत्रनिकेतनात तेच दिलं, आता हात दुसरीकडे वळत नाही.

आधी गाडी कशी आहे ते सांगते. २०१२ साली आजोबांनी स्टिअरिंग सोडलं आणि त्यांची टाटा इस्टेट मोटार गोठ्यालगतच्या शेडमध्ये लागली, ती तिथेच आहे. मामाने तिच्यावर ताडपत्री बांधली होती, ती पहिल्या दिवशी काढली. पत्र्याला टेकलेल्या ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि पावसाळाभर वाळत नाही. छत, बॉनेट आणि पुढची दारं बरी आहेत. मागच्या दाराची खालची कड मात्र गेली. काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी तिथेच साठतं, बोटाने दाबलं तर पापुद्रे निघतात. डाव्या बाजूची मॅट उचलली तर फ्लोअरमधून जमीन दिसली. डेंटर म्हणतो, तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करू. त्याला मी बजावलंय की पुट्टी लावून झाकायचं नाही.

चॅसी ठणठणीत आहे, आणि सगळा जीव तिथेच आहे. ही गाडी वरून मोटार दिसते, पण खालून टाटामोबाइल पिकअप आहे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८८ मध्ये तो पिकअप काढला, त्याच सांगाड्यावर १९९१ ला सिएरा आली आणि १९९२ ला इस्टेट. शिडीसारखी लोखंडी चॅसी, धक्के झेलायला पुढे पिळाच्या दांड्या (टॉर्शन बार) आणि मागे पाटे. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चॅसीच नसते, तिथे खालचा पत्रा गंजला की आधार गेला. हिचा पत्रा गंजला तरी ती आपल्या पायांवर उभी राहते.

आजोबांनी १९९४ मध्ये ही घेतली तेव्हा गावात हसले होते लोक. त्याच वर्षी सुमो आली होती. तिच्यात दहा माणसं बसायची, आणि कराड-पाटण रस्त्यावर वडापला, म्हणजे खच्चून माणसं भरणाऱ्या जीपला, काय हवं असतं ते तुला ठाऊक आहे. त्यापुढे इस्टेट म्हणजे पाच माणसांची लांबलचक गाडी, आणि मागून बघितली तर लोकांना ॲम्ब्युलन्स वाटायची. पण आजोबांसारख्या जनावरांच्या डॉक्टरला तीच सोयीची. मागची सीट पाडली की औषधांचे खोके, दोरखंड, गमबूट, सगळं मावायचं, आणि एकदा तर एक वासरूही आलं होतं. आपल्याकडे स्टेशन वॅगन कधी खपल्या नाहीत. ॲम्बॅसेडरची इस्टेट, पुढे बलेनो अल्टुरा, इंडिगो मरिना, सगळ्यांची गत थोडीफार तीच झाली. डिक्की नसलेली मोटार म्हणजे माल वाहायची गाडी, असं आपल्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. माझ्या मते मोटारीचा याहून शहाणा आकार झालाच नाही, पण मला कोण विचारतं!

आता सेल्फचं. इंजिन १९४८ सीसीचं, साधं, टर्बो नसलेलं डिझेल. इतकी वर्षं उभ्या इंजिनात लायनरवरची, म्हणजे पिस्टन ज्या नळीत सरकतो तिच्यावरची, तेलाची ओल उतरून गेलेली असते. पिस्टनच्या रिंगा लायनरला गंजाने धरलेल्या असू शकतात. बेअरिंगमध्येही तेल नसतं. अशा वेळी दणदणीत बॅटरी लावून सेल्फ मारला तर रिंग तुटते किंवा लायनर ओरबाडतो. त्यात व्हॉल्व्हचा आणि पिस्टनचा मेळ ठेवणारा टायमिंग बेल्ट रबराचा. तो इतकी वर्षं एकाच जागी वाकून बसलाय, दात कडक झालेत. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की डोक्यावर जागाच उरत नाही. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात. तुझा तो पाच सेकंदांचा व्हिडिओ हेड उतरवण्याच्या भावात पडला असता.

म्हणून आम्ही असं केलं. थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे चारही हीटर प्लग काढले. ते काढणंही नाजूक काम, कारण जुने प्लग अडकून बसतात आणि जोर केला तर आतल्या आत मोडतात. दोन दिवस भेदक तेल सोडून मग हळूहळू सोडवले. प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल सोडलं आणि आठवडाभर तिकडे बघितलंसुद्धा नाही. बेल्ट आणि त्याचा टेन्शनर नवा टाकला. मग क्रँक पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून हाताने फिरवलं, इंजिन फिरतं त्याच दिशेने. प्लग काढलेले असले की कॉम्प्रेशन आड येत नाही, त्यामुळे जे अडतं ते खरोखर अडलेलंच असतं. पहिला पाव वळसा जड गेला, पुढे सुटलं. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, आहे जिवंत." मी त्यांना दोन वळसे पूर्ण फिरवायला लावले. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन वळशांशिवाय सगळे व्हॉल्व्ह उघडून मिटत नाहीत.

टाकीचं ऐकशील तर तुला शिसारी येईल. अर्ध्या टाकीवर गाडी उभी केली होती. रिकाम्या भागातली हवा रात्री थंड होते, दमट असली की पाणी धरते, ते पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला जातं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, आणि त्यांचा काळा बुळबुळीत थर होतो. टाकी उतरवली तेव्हा तळाशी तोच होता. ते पंपात गेलं असतं तर संपलंच होतं, कारण डिझेल पंपातले दट्टे मिलिमीटरच्या काही हजारांश फटीत सरकतात. टाकी धुऊन वाळवली, लोखंडी नळ्यांतून हवा मारली, रबरी तुकडे सगळे नवे टाकले. पंप आणि नोझल कोल्हापूरला तपासायला गेलेत. पंपाचे जुने सील बदलायला सांगितलेत, त्यालाही कारण आहे. ही गाडी बनली तेव्हा आपल्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत असायचं. एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचं डिझेल आलं, त्यात दहा पीपीएमवर, म्हणजे दहा लाखांत दहा भागांवर नाही. जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेले रबरी सील नव्यात आकसतात आणि गळायला लागतात. नव्या डिझेलचा वंगणपणा गंधक काढताना कमी होतो, म्हणून कंपन्या त्यात वरून काहीतरी घालतात. त्याची काळजी आपल्याला नको.

पंप आल्यावरही लगेच सुरू करणार नाही. पंपाच्या सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल सोडणाऱ्या विजेच्या झडपेची, वायर काढून ठेवायची, म्हणजे डिझेल बंद. मग सेल्फवर इंजिन नुसतं फिरवायचं, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. वर तेल पोचलं की वायर जोडायची, हवा काढायची आणि मग काय ते. त्या वेळी एअर फिल्टरच्या तोंडाशी एक फळी घेऊन माणूस उभा ठेवायचा. पेट्रोल इंजिन ठिणगी तोडली की बंद होतं. डिझेलला ठिणगीच लागत नाही. सिलिंडरमध्ये तेल जास्त राहिलं तर ते तेच जाळत सुटतं आणि चावी काढली तरी ऐकत नाही. मग हवा तोडणं एवढाच उपाय. फळी मी धरणार आहे. मिस्त्रींचा मुलगा धरतो म्हणाला, पण तो घाबरून पळेल असं मला वाटतं.

आणि हे सगळं ब्रेकच्या नंतर. यावर माझं आणि मिस्त्रींचं थोडं वाजलं. त्यांना आधी इंजिनाचा आवाज ऐकायचा होता, सगळ्यांनाच तो ऐकायचा असतो. मी म्हटलं, सुरू झालेली गाडी कोणीतरी अंगणात एक चक्कर मारायला काढणारच, आणि अंगणाच्या टोकाला विहीर आहे. ते हसले, पण चाकं उतरवली. मागचे ब्रेक शू ड्रमला गंजाने चिकटलेले, ठोकून काढावे लागले. व्हील सिलिंडरही गेलेले. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, ती ओल आतून गंज धरवते. मास्टर सिलिंडरला रबर किट, होज पाईप नवे, ऑइल नवं. आणखी एक गोष्ट तुला माहीत असावी. पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला इंजिनातूनच व्हॅक्युम मिळतं. डिझेलमध्ये हवा अडवणारी झडपच नाही, म्हणून तिथे व्हॅक्युम तयार होत नाही. वेगळा पंप लागतो, तो या गाडीत डायनॅमोच्या पाठीला आहे. तो पंप ओढत नसेल तर पेडल दगडासारखं लागतं, आणि माणूस ब्रेकच्या किटला शिव्या देत बसतो.

टायर बघून तू फसशील. नक्षी जवळपास नवी आहे. पण बाजूवर ३२०९ लिहिलंय, म्हणजे २००९ सालचा बत्तिसावा आठवडा. रबर आतून कडक झालंय आणि एका जागी उभं राहून खालून चपटं झालंय. पाचही बदलायचे, स्टेपनीसकट.

सामान मिळतं का, असं तू विचारलंस. मशिनचं मिळतं, कारण सुमो, टाटा २०७ पिकअप आणि सिएराला बरंच तेच लागतं. पुण्याच्या नाना पेठेत नंबर सांगितला की काउंटरवर येतं. न मिळणारं आहे ते अंगावरचं. मागच्या काचेचं रबर, टेल लाइटची काच, दाराच्या पट्ट्या. टेल लाइटची उजवी काच तडकलीय, ती जपून ठेव असं सगळ्यांना सांगितलंय. उंदरांनी डॅशबोर्डखाली वायरिंग कुरतडलंय, तिथे मात्र सगळा हार्नेस नवा बनवून घेणार. जोड मारलेली वायर एक दिवस पेटते.

एसी सध्या बाजूला ठेवलाय. जुन्या गाडीत आर-१२ गॅस आहे, ओझोनच्या करारामुळे तो बंद झाला. आर-१३४ए भरायचा तर कॉम्प्रेसरचं तेल, सील, ड्रायर, सगळं बदलावं लागतं. तुला थंड हवं असेल तर खर्च तुझा.

दिल्लीकडे नेण्याचा विचार मनातून काढ. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, तेव्हापासून कोर्टकचेऱ्या चालूच आहेत. गुरुग्रामच्या तुझ्या पार्किंगमध्ये बीएस-एक या पहिल्या प्रदूषण निकषाच्याही आधीची गाडी कशाला? ती इथेच राहील आणि इथेच धावेल. मला शोसाठी चमकवायचीही नाही. रंग जिथे उडालाय तिथे उडालेला राहू दे, फक्त पाणी आत येता कामा नये.

आता खरं काम सांगते, ज्यासाठी एवढं लिहिलं. गाडी अजून आजोबांच्या नावावर आहे, एमएच ११ ची, आणि नोंदणीची मुदत कधीच संपली. आरटीओत दोन गोष्टी आहेत. एक, वारसाच्या नावावर करणं, त्याला फॉर्म ३१ आणि बाकी वारसांची संमती लागते. दुसरी, नोंदणी नूतनीकरण, फॉर्म २५. वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून ती फी दहा हजार आहे. वर उशिराचा दंड, पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि ती नवी एचएसआरपी, म्हणजे जादा सुरक्षेची नंबर पाटी. नोंदणी होईपर्यंत रस्त्यावर चालवता येणार नाही, तपासणीला टेम्पोवर चढवूनच न्यायची. बाबा म्हणतात, एवढ्यात नवी स्कूटर आली असती. त्यांचं गणित बरोबर आहे.

मावशी सही करायला तयार आहे. मामा नाही. भंगारवाला घरी येऊन गेलाय, त्याने सांगितलेला आकडा मामाच्या डोक्यात बसलाय. मी बोलले तर भावा-बहिणीचं जुनं काहीतरी निघतं आणि गाडी बाजूला राहते. तू त्याचा लाडका भाचा, तू फोन कर. गाडी कोणाच्या नावावर, हे त्याने विचारलं तर तुझ्या म्हणून सांग. मला चालेल, माझ्या वयाला पाच वर्षांचं नूतनीकरण घेऊन काय करू? पण नाव तुझं लागलं तर आरटीओचा खर्च आणि टायर तुझ्याकडे. इंजिन, ब्रेक आणि पत्रा माझ्याकडे. भंगाराच्या आकड्यातला त्याचा तिसरा हिस्सा त्याला देऊन टाक, घासाघीस करू नकोस.

पंप पुढच्या आठवड्यात येईल. तू येईपर्यंत मी थांबणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मामाला रविवारी सकाळी फोन कर, दुपारी तो झोपतो. आणि येताना चांदनी चौकातल्या नाही, करोल बागेच्या दुकानांत सिएराची टेल लाइट विचार. इस्टेटची वेगळी आहे हे मला माहीत आहे, पण ज्याच्याकडे सिएराची निघते त्याच्याच माळ्यावर इस्टेटची असण्याची शक्यता असते. उजवी हवी. डावी घेऊन येऊ नकोस.

तुझी,
आई