समुपदेशन दोन भेटींत सोडू नका

महोदय,

नवरा-बायकोच्या भांडणाचा विषय बदलतो, पण वळण तेच राहतं. एक जण जाब विचारतो, दुसरा गप्प बसतो. त्या गप्प बसण्यानं पहिल्याचा आवाज आणखी चढतो, मग दुसरा घराबाहेर पडतो. हे चक्र दोघांना दिसू लागणं हे समुपदेशनाचं पहिलं काम. त्यासाठी नोंद हवी: काय घडलं, मनात कोणता विचार आला, अंगात काय जाणवलं (छाती धडधडली, घसा कोरडा पडला) आणि पुढे काय केलं. चार ओळी पुरतात, पण त्याच दिवशी लिहा. नंतर आठवून लिहिलं की राग तेवढा उरतो, तपशील जातो.

पहिल्या दोन-तीन भेटी बहुधा माहिती घेण्यातच जातात आणि नेमके तिथेच लोक सोडून देतात. विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या उपचारात 45 ते 60 मिनिटांच्या 12 ते 20 भेटी लागणं नेहमीचं आहे.

घरात मारहाण होत असेल तर मात्र जोडप्याला एकत्र बसवू नये. तिथे बोललेल्याचा सूड घरी उगवला जातो.

‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो. पण फोन म्हणजे दर आठवड्याची बैठक नव्हे. सोलापुरात यंत्रमागावर पाळीत राबणाऱ्यांना, विडी कामगार महिलांना कामाचा खाडा परवडत नाही. महापालिकेनं आपल्या दवाखान्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ समुपदेशनासाठी राखावी, ही कळकळीची विनंती.

– एक समुपदेशक, सात रस्ता, सोलापूर