अकरा शिलिंग चार पेन्स

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर, सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट बिशपांना जिथे जाळलं तिथे, दगडांत बसवलेला क्रॉस पाहून तू विचारलंस, की ज्याने आपली प्रोटेस्टंट मतं चूक होती असे एकामागून एक सहा माफीनामे लिहून दिले त्या आर्चबिशप क्रॅनमरला हुतात्मा कसं म्हणायचं? प्रश्न रास्त आहे. पण स्मारकाआधी खर्चाचा हिशेब वाच.

कॅथलिक राणी मेरीच्या राज्यात, १६ ऑक्टोबर १५५५ ला, रिडली आणि लॅटिमर या दोन प्रोटेस्टंट बिशपांना जाळलं. लाकडाच्या मोळ्यांच्या तीन गाड्या १२ शिलिंग, काटेरी झुडपांच्या मोळ्यांची एक गाडी ३ शिलिंग ४ पेन्स, वाहतूक २ शिलिंग, खांब १ शिलिंग ४ पेन्स, दोन साखळ्या ३ शिलिंग ४ पेन्स, त्या खांबाला अडकवायच्या दोन कड्या ६ पेन्स, चार मजूर २ शिलिंग ८ पेन्स. एकूण २५ शिलिंग २ पेन्स (१२ पेन्सचा एक शिलिंग). पैसे ऑक्सफर्डच्या बेलिफांनी, म्हणजे शहराच्या अधिकाऱ्यांनी, भरले, आणि ते परत मिळावेत म्हणून पुढे कितीतरी वर्षं अर्ज करत राहिले.

झुडपं भडकन पेटतात म्हणून ती खाली, लाकूड वर. लॅटिमर लवकर गेला. रिडलीच्या बाजूला मात्र मोळ्या इतक्या दाट रचल्या होत्या की ज्वाळेला वर यायला वाटच नव्हती. हाल लवकर संपावेत म्हणून त्याच्या मेव्हण्याने आणखी मोळ्या टाकल्या आणि आग अजूनच दबली. चितेत हवा खेळली पाहिजे, हे आपल्याकडे स्मशानात लाकडं रचणारा कुणीही सांगेल. रिडलीचे पाय जळून गेले तरी मरण लवकर यावं म्हणून गळ्यात बांधलेली बंदुकीच्या दारूची पिशवी तशीच. शेवटी कुणीतरी वरच्या मोळ्या ओढून काढल्या, तेव्हा ज्वाळा तिथवर पोचली.

‘आज आपण इंग्लंडमध्ये कधीही न विझणारी मेणबत्ती पेटवू’ हे लॅटिमरचं प्रसिद्ध वाक्य फॉक्सच्या हुतात्म्यांवरच्या ग्रंथाच्या १५६३ च्या आवृत्तीत नाही, १५७० च्या आवृत्तीत आहे. हे वहीत लिहून ठेव.

आता क्रॅनमर. तो आर्चबिशप, म्हणून निकाल रोमहून यायचा. ८० दिवसांत रोमला हजर व्हा असं फर्मान निघालं, आणि हा इकडे ऑक्सफर्डच्या तुरुंगात! १४ फेब्रुवारी १५५६ ला विधिपूर्वक त्याची वस्त्रं आणि पद काढून घेतलं. पहिल्याच खेपेला पश्चात्ताप करणाऱ्या पाखंड्याला जाळायचं नाही, अशी चर्चच्या कायद्याची रीत होती. राणी मेरीने ती मानली नाही, आणि माझ्या मते चूक तिथेच झाली. माफीनामे देऊनही जीव वाचत नाही म्हटल्यावर त्याला धरून ठेवणारं काहीच उरलं नाही. २१ मार्चला, सेंट मेरी चर्चमध्ये, जाहीर कबुलीऐवजी त्याने सगळे माफीनामे मागे घेतले. मग ज्या उजव्या हाताने सह्या केल्या तोच हात आधी आगीत धरला. लाकूड, झुडपं, वाहतूक, दोन मजूर धरून खर्च ११ शिलिंग ४ पेन्स.

संत मात्र करू नकोस त्याला. १५५० मध्ये जोन बोचर या बाईला पाखंडी म्हणून जाळलं, तिला दोषी ठरवणाऱ्यांत तो होता.

त्याचं खरं काम मला त्याने तयार केलेल्या इंग्लंडच्या चर्चच्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथात दिसतं. १५४९ च्या ग्रंथात कम्युनियनची (प्रभुभोजनाची) भाकरी देताना म्हणायचं, हे तुझ्यासाठी दिलेलं ख्रिस्ताचं शरीर तुझा देह आणि आत्मा राखो. लॅटिन मिस, म्हणजे जुनी कॅथलिक उपासना, गेली म्हणून डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये बंड झालं, तर कडव्या सुधारकांना हे वाक्यसुद्धा जुन्याच वळणाचं वाटलं. म्हणून १५५२ मध्ये ते बदललं: ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याची आठवण म्हणून हे घे आणि खा. म्हणजे भाकरी ही भाकरीच. १५५९ मध्ये एलिझाबेथच्या काळात दोन्ही वाक्यं एकापुढे एक जोडून टाकली. ज्याला जे मानायचं ते त्याने मानावं. एवढ्याशा जोडकामाला मवाळ सुधारणा म्हणतात, आणि ते जमायच्या आधी मेरीच्या राज्यात तीनशेच्या आसपास माणसं जळाली होती.

एखाद्या रविवारी, जुन्या प्रार्थनाग्रंथाप्रमाणे कम्युनियन होत असेल तिथे मागच्या बाकावर जाऊन बस. दोन्ही वाक्यं अजून जोडूनच म्हणतात. सांधा कुठे आहे ते ऐकून मला कळव.

तुझा,
बाबा