आवाहन : आपल्या गिटारवाल्याच्या पहिल्या अल्बमसाठी

सप्रेम नमस्कार वि. वि.

स्टुडिओच्या तारखा हाती आल्या आहेत आणि पैसे आलेले नाहीत, म्हणून हे पत्र घाईत लिहीत आहे. कोजागरीला ज्यांनी घोषणा ऐकली त्यांना विषय ठाऊक आहे. मसाला दूध संपताच जे उठले त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो : आपल्या मंडळाच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला स्वतःचा पहिला अल्बम करतो आहे. भक्तिगीतांचा, पण रॉक. येशूची गाणी, मराठीत, इलेक्ट्रिक गिटारवर. काम पुरं होईपर्यंत नाव छापायचं नाही असं त्याने बजावलं आहे, आणि बडोद्यात डांडिया बाजारापासून फतेहगंजपर्यंत ते कुणाला सांगावं लागेल असंही नाही.

आधी ज्यांच्यामुळे मंडळ इथवर आलं त्यांचं ऋण. सभागृहावर पत्रे होते तेव्हा पावसाळ्यात तबला उतरायचा आणि गाणाऱ्याचा आवाज पत्र्याखाली बुडायचा. स्लॅब घातला गेला तो रावपुऱ्यातल्या सराफ बंधूंमुळे. त्यांनी फलकावर नाव घालू दिलं नाही आणि उद्घाटनाला शेवटच्या रांगेत बसले. पेटी दिली वाडीतल्या आजींनी, यजमानांची, जुनी. तिचे सूर अजून हललेले नाहीत. आजी असेपर्यंत दर वर्षी ऐकायला यायच्या, आणि पेटीवर कुणी चहाचा कप ठेवला की कार्यक्रम चालू असतानाच त्याची हजेरी घ्यायच्या. मिक्सर आणि स्पीकर विद्यापीठातून निवृत्त झालेल्या प्राध्यापक दांपत्याने मुलीच्या लग्नाचा खर्च आटोपता घेऊन दिले. माइकचे स्टँड प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या आपल्या सभासदांनी रविवारी बसून स्वतः वेल्डिंग करून दिले; विकतचे दोनदा मोडले, हे उभे आहेत. खजिनदारकाकांबद्दल लिहायला घेतलं तर हेच पत्र त्यांचं होईल. इतक्या वर्षांत रिक्षाभाडंसुद्धा त्यांनी मंडळाच्या खात्यावर टाकलेलं नाही, एवढं नोंदवतो.

त्याच स्टँडच्या वायरी गुंडाळायला हा गिटारवाला पहिल्यांदा आला, शाळेच्या गणवेशात. घराणं मूळ नगरकडचं, आजोबा रेल्वेच्या नोकरीने बडोद्याला आले. वडील रविवारी उपासनेला ऑर्गन वाजवायचे आणि सोमवारी आपल्या पेटीचा भाता दुरुस्त करून द्यायचे. पुढे मुलाने गिटार धरली ती धरलीच. गणेशोत्सव, दिवाळी पहाट, तुमच्याआमच्या मुलींच्या लग्नातली गाण्यांची संध्याकाळ, सगळीकडे तो होता. लावणीला ढोलकीमागे कॉर्ड धरल्या, भावगीताला हळू झाला. मानधनाचं पाकीट बहुतेक वेळा ‘पुढच्या वेळी बघू’वर राहिलं. त्याने कधी विचारलं नाही आणि आपणही कधी आठवण काढली नाही. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तो आपल्या जेवणाच्या पाकिटांच्या टेम्पोवर होता. त्याच्या घरी तळमजल्यावरचा अँप्लिफायर पाण्यात गेला, हे आपल्याला पाणी ओसरल्यावर कळलं, तेही पाळकसाहेबांकडून.

आता काही सभासद विचारतात, हे चर्चचं काम ना, मग मंडळाने का पैसे काढायचे? तिकडे चर्चमधली काही वडील माणसं म्हणतात, एवढा गोंगाट म्हणजे उपासना नव्हे, ऑर्केस्ट्रावाल्यांनीच बघावं. दोन्हीकडून चेंडू टोलवला जातो आणि मुलगा मध्ये उभा. विषय वार्षिक सभेत मांडून मंजूर झालेला आहे. ज्यांना आक्षेप आहे ते त्या दिवशी सभेला नव्हते. आणि बडोदेकरांनी तरी हे विचारू नये. सयाजीरावांनी १८८६ साली गायनशाळा काढली आणि संगीतज्ञ मौलाबक्षांच्या हाती दिली. त्यांचे नातू इनायत खाँ १९१० मध्ये वीणा घेऊन अमेरिकेला गेले. १९१६ साली देशातली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती याच गावात. कोणाचं गाणं कोणत्या देवाचं, असली चौकशी इथे तेव्हाही चालली नाही.

अल्बममध्ये आठ गाणी आहेत. चार पदं रेव्हरंड ना. वा. टिळकांची, तीन त्याची स्वतःची, आणि एक नुसती गिटार. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, आणि त्यांनी ओवी-अभंगांतूनच त्याला आळवलं. ते १९१९ मध्ये गेले, म्हणजे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हा स्वामित्वहक्काचा काळ केव्हाच उलटला. त्यांच्या शब्दांसाठी कुणाला पैसे द्यावे लागणार नाहीत (खजिनदारकाकांचा हा पहिला प्रश्न होता). चाली सगळ्या आपल्या गिटारवाल्याच्या, नव्या आहेत. सुरुवातीला मलाही धास्ती होती. मग त्याच्या घरी कच्चं रेकॉर्डिंग ऐकलं. गिटारला पडदे (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) असतात, त्यामुळे सूर ठरल्या जागी येतो, पण तार बोटाने ओढून धरली की मधल्या श्रुती मिळतात. ओवीची ओळ तो अशी ओढतो की मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, ऐकू येते, आणि खाली तो घोगरा, फाटलेला आवाज चालू राहतो, ज्याला ही मुलं डिस्टॉर्शन म्हणतात. बडोदा दरबारचे गवई फैयाज खाँसाहेब यांच्या गावात वाढलेल्याला मींड यायलाच हवी. तिसरं पद मात्र फार मोठ्याने आहे असं माझं मत अजून आहे. त्याने ते हसून ऐकून घेतलं, बदललं काहीच नाही.

त्याचा आदर्श अमेरिकेतला ख्रिस्ती गिटारवादक फिल केगी. लहानपणीच्या अपघातात उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलेलं, तरी त्याच हाताने तारा छेडतो. १९७३ साली पहिला एकट्याचा अल्बम काढला तेव्हा जवळजवळ सगळी वाद्यं त्यानेच वाजवली. हे ऐकून कार्यकारिणीत एकाने सुचवलं, मग आपलंही तसंच स्वस्तात उरकू. नाही उरकणार. आपल्या पठ्ठ्याला ड्रम येत नाहीत, आणि येतात असं वाटून तो बसतो तेव्हा ऐकवत नाही. गिटारचं काम त्याने रात्री जागून घरीच केलं आहे, तेवढे पैसे वाचले. पण ड्रमला मोठी खोली लागते, प्रत्येक ड्रमला वेगळा माइक लागतो, ते स्टुडिओतच.

हिशेब असा : ड्रम व गायनासाठी स्टुडिओ ₹९०,०००, साथीदारांचं मानधन ₹६०,०००, मिक्सिंग-मास्टरिंग ₹८०,०००, अँप्लिफायर ₹४५,०००, मुखपृष्ठ, ऑनलाइन नोंदणी आणि ज्येष्ठांसाठी थोड्या सीडी ₹२५,०००. एकूण ₹३,००,०००. त्याची स्वतःची शिल्लक ₹७०,०००, कार्यकारिणीतून ₹४०,०००. राहिले ₹१,९०,०००. ते ३० नोव्हेंबरपर्यंत हवेत. स्टुडिओ डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, नाताळात सगळे वादक अडकतात, आणि गाणी ईस्टरच्या आधी बाहेर यायची आहेत. चेक मंडळाच्या नावे, मागे ‘अल्बम निधी’ लिहावं. रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. क्यूआर कोड कार्यालयाच्या दारावर आहे. पैसे पाठवल्यावर नाव कळवावं, नाहीतर खजिनदारकाका रात्रभर जुळवत बसतात. कार्यालय संध्याकाळी ६ ते ८, सोमवारी बंद. आयकरात सवलत मिळणार नाही, तो दाखला आपल्याकडे नाही. ₹५,००० व वरच्या देणगीदारांचं नाव मुखपृष्ठाच्या आत येईल. नको असेल तर तसं सांगावं. रक्कम कमी पडली तर अँप्लिफायर पुढे ढकलू, साथीदारांचं मानधन कापणार नाही.

मागच्या वेळी रंगमंचाच्या पडद्यासाठी असंच पत्र गेलं होतं. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, अंगठे आले, ‘स्तुत्य उपक्रम’ आले. पावतीपुस्तक जवळजवळ कोरंच परत आलं. पडदा अजून तोच आहे, तुम्ही पाहताच. शंभर रुपये देणाऱ्याचीही पावती आम्ही आनंदाने फाडतो. या वेळी अंगठ्याबरोबर तेवढं करावं.

आपला नम्र,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : दिवाळी पहाटेनंतर गिटारची लांब वायर आणि माइकचा एक स्टँड सापडत नाही. कुणाच्या गाडीत राहिले असल्यास रेकॉर्डिंगआधी कार्यालयात आणून द्यावेत. विचारणार नाही.